पवनचक्क्या आणि ग्रीडची वारंवारता: रोटरकडून घेतलेली उसनवारी

१९८० आणि ९०च्या दशकांत बहुतेक पवनचक्क्यांचे जनरेटर थेट ग्रीडला जोडलेले असत. वारंवारता म्हणजे ग्रीडमधल्या विजेची दर सेकंदाला होणारी आवर्तनं; मागणीपेक्षा उत्पादन कमी पडलं की ती घसरते. ती घसरली की रोटर, म्हणजे चक्कीचा फिरणारा भाग, किंचित मंदावे आणि त्यात साठलेली गतिज ऊर्जा आपोआप ग्रीडला मिळे. ही सोय कुणी मुद्दाम केलेली नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाऱ्याप्रमाणे वेग बदलणाऱ्या चक्क्या आल्या, जनरेटर आणि ग्रीड यांच्यामध्ये कन्व्हर्टर, म्हणजे विजेची वारंवारता बदलून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, बसला. वीज वाढली, यंत्रावरचा ताण कमी झाला; पण ग्रीडवर काय घडतंय, हे रोटरला कळेनासं झालं.

ग्रीडला जोडण्याच्या सुरुवातीच्या नियमांना चक्कीकडून मदत नको होती, तिने त्रास देऊ नये एवढंच हवं होतं. वारंवारता वाढली तर पाती वळवून उत्पादन कमी करणं सोपं. घसरली तर मात्र जास्तीचा वारा आणायचा कुठून?

याला डेन्मार्कमध्ये २००२ सालीच एक उत्तर मिळालं होतं. तिथल्या समुद्रातल्या १६० मेगावॅटच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात उपलब्ध वाऱ्यापेक्षा ठरावीक मेगावॅट कमी वीज काढत राहण्याची सोय होती. हातचा राखलेला हा वाटा लागेल तेव्हा सोडता येई. पण राखलेली वीज म्हणजे बुडालेलं उत्पन्न, असा हिशेब मांडला गेला आणि ही पद्धत बराच काळ मागे पडली.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने दुसरा मार्ग निवडला, आणि खरा वाद त्या निवडीचा आहे. तिथली ग्रीड शेजाऱ्यांशी समकालिक, म्हणजे एकाच वारंवारतेच्या तालात, जोडलेली नाही; मोठं वीजकेंद्र बंद पडलं की वारंवारता झपाट्याने कोसळते. म्हणून २०००च्या दशकाच्या मध्यात तिथे पवनक्षेत्रांवर अट आली: अशा वेळी सुमारे दहा सेकंद, क्षमतेच्या किमान पाच टक्क्यांच्या आसपास वीज जादा द्यायची. राखीव काही ठेवायचं नाही, रोटरच्या फिरण्यातूनच ऊर्जा काढायची. उत्पन्न बुडत नाही, म्हणून हे सगळ्यांना पटलं.

पण ही उसनवारी आहे. रोटर मंदावला की वाऱ्यातून ऊर्जा काढण्याची त्याची कार्यक्षमता उतरते. पुन्हा वेग घ्यायचा तर ग्रीडला मिळणारी वीज काही काळ आधीपेक्षाही कमी होते. बाकीची केंद्रं अजून सावरत असतानाच ही घट आली, तर वारंवारता दुसऱ्यांदा घसरू शकते. डिसेंबर २०१५ मध्ये क्यूबेकमध्ये ट्रान्सफॉर्मर बिघडून १,६०० मेगावॅटहून अधिक उत्पादन तुटलं, वारंवारता ६० वरून ५९.१ हर्ट्झच्या आसपास आली. चक्क्यांनी तेव्हा सुमारे १२६ मेगावॅट जादा दिले. हा आकडा यश म्हणून सांगितला जातो, आणि ते यश आहेच. वेग परत मिळवताना किती वीज घटू द्यायची, हा प्रश्न मात्र तेवढाच महत्त्वाचा असूनही त्याची चर्चा फार कमी होते.

मला वाटतं, राखीव वाट्याला इतक्या लवकर बाजूला सारायला नको होतं. वारा भरपूर आणि मागणी कमी अशा रात्री अनेक ठिकाणी चक्क्या तशाही अडवून ठेवाव्या लागतात. त्या वेळी राखीव जवळजवळ फुकट मिळते. आणि ती सोडल्यावर परतफेड करावी लागत नाही.

२०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ६९ मेगावॅटच्या एका पवनक्षेत्रात आणखी पुढचा प्रयोग झाला. तिथल्या कन्व्हर्टरांनी ग्रीडची वारंवारता मोजून मग प्रतिसाद देण्याची वाट पाहिली नाही, ते स्वतःच व्होल्टेज आणि वारंवारता धरून राहिले. मोजण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. ऊर्जा मात्र तिथेही रोटर, राखीव वारा किंवा बॅटरी यांपैकी कुठून तरी काढावीच लागते.