‘कुत्रा चालेल’ आणि ‘कुत्र्याला चालेल’

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्यात कुत्रा असलेल्या घरांतून एकच प्रश्न येतो: कोकणात कुत्रा चालेल असं घर सांगा. दिवेआगर, श्रीवर्धन, कर्दे, आंजर्ले, सगळीकडे आता ‘चालेल, आणा’ म्हणणारे भेटतात. तेवढं ऐकून लोक आगाऊ पैसे भरतात आणि सहल ठरली असं धरून चालतात. ‘कुत्रा चालेल’ ही घरमालकाची परवानगी झाली. तिथला दिवस ‘कुत्र्याला चालेल’ का, हा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

परवानगीचं फार लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. लसीचं पुस्तक बरोबर ठेवा, गोचिडांचं औषध निघायच्या आधीच लावा, कुत्रा खोलीत राहणार की पडवीत हे फोनवरच विचारून घ्या. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतून दाटीवाटीने जायचं असतं. तिथे कुत्र्याजवळ घरातल्या कुणी मागे थांबायचं, हे पुण्यातच ठरवा. बागमांडला-वेसवी फेरीबोटीत गाडी चढते, त्यामुळे हरिहरेश्वरहून वेळासला जाणं सोपं आहे. पण वेळासच्या वाळूत कासवांची घरटी असतात आणि कुत्री ती उकरतात. कासवांच्या हंगामात तिथे कुत्रा किनाऱ्यावर उतरवू नका, कुणी ‘चालेल’ म्हटलं तरी.

खरा घोळ होतो तो उकाड्यापाशी. ‘आमचा पुण्यात ३८ डिग्रीत फिरतो, तिथे तर ३२च आहे!’ हे ऐकलं की मला काळजी वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा आणि तोंडातला ओलावा हवेत उडतो, त्याने अंग निवतं. पुण्याची उन्हाळी हवा कोरडी, तिथे ओलावा चटकन उडतो. किनाऱ्यावरची हवा मुळातच दमट, तिथे जिवाच्या आकांताने धापा टाकूनही तो पुरेसा उडत नाही. आकडा सहाने कमी दिसतो आणि त्रास जास्त होतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मी उन्हाळ्यात नेणारच नाही.

आमची लॅब्रॅडोर चिमी एप्रिलमध्ये दिवेआगरला सकाळी साडेदहा वाजता लाटांतून चेंडू आणत होती. सगळे म्हणत होते, काय खूश आहे बघा! मग ती वाळूत बसली आणि चेंडूकडे बघेना. जीभ टोकाला उलथन्यासारखी रुंद झालेली, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ चिकट, तार धरणारी. ‘दमली’ असं म्हणून आम्ही तिला सावलीत बसवलं. ती तापली होती. दमलेल्या कुत्र्याची धाप सावलीत पाच-दहा मिनिटांत उतरायला लागते, तापलेल्याची सावलीतही चढत जाते. घरमालकीण काकूंनी बघताक्षणी विहिरीचं पाणी काढून तिच्या पोटावर आणि मांड्यांवर ओतलं, पंखा लावला, आणि मग आम्ही डॉक्टरांकडे धावलो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं, म्हणून आधी गार करायला घ्यायचं आणि मग गाडी काढायची.

तेव्हापासून मी सहल पंचांग बघून ठरवते. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि किनारा रुंद होणार तो भर दुपारी बाराला, वाळू तापलेली असताना. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. सहा ते आठ ओली, घट्ट, गार वाळू मिळते. उधाणाचं पाणी झपाट्याने वर येतं, म्हणून लांब दोरी हवीच. किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडणं मला अजिबात पटत नाही: घोडागाड्या असतात, तिथली कुत्री आपली हद्द राखतात, आणि जाळ्यातून काढून वाळूत टाकलेला केंड मासा (फुग्यासारखा फुगणारा) विषारी असतो. खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब ठरलेले, म्हणून दर दहा मिनिटांनी गोडं पाणी पाजा.

नऊ ते पाच कुत्रा घरीच. हे वेळापत्रक जमणार नसेल तर त्याला पुण्यात ओळखीच्या माणसाकडे ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि घरमालकाला फोन कराल तेव्हा एवढं विचारा: दुपारी वीज जाते का, मागे सुपारीची बाग आहे का, बाहेर नळ आहे का, किनारा चालत किती मिनिटांवर आहे. वाडीतून पायवाटेने वाळूवर उतरता येत असेल तर ते घर घ्या, खोली साधी असली तरी. गाडीनेच जावं लागत असेल तर मी दुसरं घर बघते, कारण नारळपाणी घेईपर्यंत म्हणून बंद गाडीत ठेवलेल्या कुत्र्याला दहा मिनिटंही फार होतात.