‘अजून कळलं नाही’ आणि ‘कळणारच नाही’ यात फरक आहे

१९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एमआयटीमध्ये एडवर्ड लोरेन्झ हे शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर हवामानाचं एक छोटं मॉडेल चालवत होते, बारा समीकरणांचं. एक रन (म्हणजे मॉडेल एकदा चालवून आलेला निकाल) पुन्हा बघायचा होता म्हणून त्यांनी आधीच्या प्रिंटवरचे मधलेच आकडे टाईप करून मशीन सुरू केलं आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन बघतात तर सुरुवातीला जुन्या रनसारखंच चाललेलं हवामान पुढे भरकटत गेलेलं, शेवटी दोघांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता. त्यांना आधी वाटलं मशीनची व्हॅक्युम ट्यूब गेली असणार. पण मशीन ठणठणीत होतं. आत आकडा होता ०.५०६१२७ आणि कागदावर छापलेला, म्हणजे त्यांनी टाईप केलेला, ०.५०६, बस, एवढंच.

यात नशीब, योगायोग असलं काहीही नव्हतं हे लक्षात घ्या, समीकरणं अगदी पक्की होती. तरी पुढचं सांगता येईना, कारण आत्ताची स्थिती शेवटच्या दशांशापर्यंत कुणालाच मोजता येत नाही आणि ती बारीकशी चूक दुप्पट, चौपट होत वाढते. म्हणून रोजच्या हवामानाचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपुढे टिकत नाही, कितीही मोठा कॉम्प्युटर आणला तरी. (पृथ्वीचं तापमान वाढतंय हे सांगता येतं कारण तिथे बरीच वर्षांची सरासरी बघतात, तो वेगळा प्रश्न आहे.) आणि ही मर्यादा मान्य केल्यामुळेच अंदाज सुधारले. १९९२ पासून युरोप-अमेरिकेतली केंद्रं सुरुवातीचे आकडे मुद्दाम थोडेथोडे बदलून एकच मॉडेल अनेकदा चालवतात, सगळे रन एकाच दिशेला गेले तर भरवसा जास्त, पांगले तर कमी.

पण मर्यादा कुणीही उठून जाहीर करायची नसते. १८३५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट कॉम्त यांनी लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. १८५७ मध्ये ते गेले आणि दोनच वर्षांत किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत काढली! पुढे हेलियम तर आधी सूर्याच्या प्रकाशात दिसला, १८६८ मध्ये, आणि पृथ्वीवर सापडला १८९५ मध्ये.

कॉम्तकडे सिद्धता नव्हती, तिथपर्यंत हात पोचत नाही एवढंच होतं. याउलट ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की दिलेला कुठलाही कॉम्प्युटर प्रोग्राम कधी थांबेल की कायम चालत राहील हे दर वेळी बरोबर सांगणारी एकच पद्धत असूच शकत नाही. हे ‘आम्हाला जमलं नाही’ नव्हे, हे गणिताने सिद्ध केलेलं ‘नाही’ आहे, आणि माझ्या मते हे कुठल्याही शोधाइतकंच मोठं ज्ञान आहे.

आता जाणिवेचा प्रश्न घ्या. १८७२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी ठामपणे सांगितलं की मेंदूतल्या हालचालींतून जाणीव कशी येते ते आपल्याला कधीच कळणार नाही. दीडशे वर्षं उलटून गेली, खरंच कळलेलं नाही. पण ट्युरिंगसारखी सिद्धता त्यांनीही दिली नव्हती, नंतरही कुणी दिलेली नाही, त्यामुळे मी तरी तो प्रश्न उघडाच धरतो.