वाय-फायचा पासवर्ड हवेतून जात नाही, तरी फुटतो कसा?

डब्ल्यूपीए२ हे २००४ पासूनचं वाय-फायचं सुरक्षामानक. त्यात पासवर्ड कधीच हवेतून पाठवला जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन त्यांवर एकच गणिती प्रक्रिया ४,०९६ वेळा चालते आणि २५६ बिटांची किल्ली तयार होते. मग फोन आणि राउटर चार संदेशांत एकमेकांना पटवून देतात, की ही किल्ली आपल्याकडे आहे.

गोम इथेच आहे. हे चार संदेश जवळपासचा कोणीही टिपून ठेवू शकतो आणि नंतर स्वतःच्या संगणकावर सवडीने लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. शब्दकोशातला शब्द, जन्मसाल किंवा मोबाइल क्रमांक अशा माऱ्यापुढे टिकत नाही. पासवर्डची मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, तेही यदृच्छेने निवडलेले, घ्या. राउटरसोबत आलेलं नेटवर्कचं नावही बदला, कारण सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी किल्ल्यांचे तक्ते आधीच तयार करून ठेवता येतात.

२०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं, टिपलेले संदेश निरुपयोगी ठरतात. राउटर आणि उपकरणं डब्ल्यूपीए३ चालवू शकत असतील तर हाच पर्याय निवडा. जुन्या उपकरणांसाठी मिश्र पर्याय (डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही) ठेवलात, तर डब्ल्यूपीए२ची वाट उघडी राहते आणि पासवर्ड भक्कमच लागतो. मिश्र पर्यायातही एखादं जुनं उपकरण जोडलं जात नसेल, तर ‘पीएमएफ’ (नेटवर्कच्या नियंत्रण-संदेशांना संरक्षण देणारी सोय) सक्तीऐवजी ऐच्छिक आहे ना, ते बघा. एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याची पद्धत, ‘एईएस’ ठेवा. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत कमकुवत तर आहेच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसवर अडकवतं.

‘डब्ल्यूपीएस’, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढता येतो, म्हणून ११,००० प्रयत्न पुरतात. नेटवर्कचं नाव लपवणं किंवा परवानगी असलेल्या मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या ओळख-क्रमांकांची) यादी यांवर विसंबू नका. मॅक पत्ता प्रत्येक संदेशासोबत उघडाच जातो.

कार्यालयात सर्वांना एकच पासवर्ड नको. तिथे ८०२.१एक्स (प्रत्येकाची ओळख तपासून मगच जोडणी देणारं मानक) आणि ती ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर वापरून प्रत्येकाला स्वतंत्र ओळख द्या. जोडणी होत नसेल तर आधी यूडीपी पोर्ट १८१२ (राउटर ज्या मार्गाने रेडियस सर्व्हरशी बोलतो तो) खुला आहे का आणि राउटर व सर्व्हर या दोन्हीकडची गुप्त किल्ली सारखी आहे का ते तपासा, मग घड्याळ: तारीख चुकली की सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अवैध ठरतं. मात्र वैतागून फोनवरची प्रमाणपत्र-तपासणी बंद करू नका. तसं केलंत तर त्याच नावाचं बनावट नेटवर्क उभारणाऱ्याच्या हाती कर्मचाऱ्यांचे पासवर्ड लागू शकतात.