वजनकाटा आणि शिंप्याची टेप

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. त्यांपैकी एक होते लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता आणि कोणत्याही तक्त्यात तो निरोगीच ठरला असता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्याकडे ती ९.१ टक्के भरली, तर याज्ञिक यांच्याकडे २१.२ टक्के. दोन्ही आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळे हा प्रकार ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे मधुमेहाचा विषय निघाला की पहिले वाक्य वजनाचे असते. ‘तुला कसली आलीये शुगर, तू तर काटकुळा आहेस’, असे म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. शरीरातली चरबी किती आणि ती साठली कुठे, यांपैकी काहीही वजनकाट्याला सांगता येत नाही. मधुमेहाच्या जोखमीचा विचार करताना आपली पहिली चूक होते ती इथेच.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा माग थेट पाळण्यापर्यंत नेला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी गर्भवती स्त्रियांचा आहार, त्यांची शेतातली आणि घरातली कामे, आणि नंतर त्यांच्या बाळांची मापे बारकाईने नोंदवली. या माता बहुतेक किडकिडीत होत्या. त्यांचा सरासरी बीएमआय १८ च्या आसपास होता. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. एवढ्या फरकाची अपेक्षा होतीच. आश्चर्य पुढे होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशी बाळे दिसायला बारीक असतात आणि चरबी बाळगून असतात, म्हणून संशोधकांनी त्यांना ‘थिन-फॅट’ म्हटले. असे मूल पुढे शहरात वाढले, बसून काम करू लागले आणि दोन वेळा पोटभर जेवू लागले, की त्याचे शरीर ती भर बहुतेक पोटावरच टाकते.

पोटावरच पडणारी ही भर इतकी महत्त्वाची का, हेही पाहायला हवे. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेली चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात आणि चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. एरवी जेवण झाल्यावर इन्सुलिन यकृताला साखर तयार करणे थांबवायला सांगते. इथे ती सूचना पोहोचूनही कारखाना चालूच राहतो. दुसरीकडे, जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू, आणि ते मुळातच लहान. स्वादुपिंड काही वर्षे जास्तीचे इन्सुलिन तयार करून ही वेळ निभावून नेते आणि मग थकते. रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ असे लिहून येते ते साधारण याच टप्प्यावर, आणि घरात ‘अजून काही झालेलं नाही’ असे म्हटले जाते तेही याच टप्प्यावर.

‘जोखमीचा घटक’ ही कल्पना आज दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यावरही दिसते, पण ती फार जुनी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासण्याचा उपक्रम सुरू झाला. हृदयविकार होण्याच्या आधी त्या माणसांत काय वेगळे दिसते, हे पाहायचे होते. १९६१ साली विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधामुळे हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याचा अर्थ मर्यादित आहे. हा घटक असलेल्या हजार माणसांत आणि नसलेल्या हजार माणसांत आजाराचे प्रमाण वेगवेगळे आढळते, एवढेच तो सांगतो. त्या हजारांतला नेमका कोण आजारी पडेल हे तो सांगत नाही.

‘आमचे आजोबा रोज विडी ओढायचे, तूप खायचे आणि नव्वद वर्षे जगले’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या युक्तिवादाचे उत्तर याच अर्थात आहे. आजोबांचे उदाहरण खोटे नसते, अपुरे असते. त्यांच्याबरोबर विडी ओढणारे जे पंचावन्नाव्या वर्षी गेले, त्यांच्या गोष्टी सांगायला त्यांचे नातू जेवणाच्या पंगतीत बसलेले नसतात. शिवाय आजोबा रोज शेतावर चालत जात होते, ही गोष्ट सांगताना बहुधा गाळली जाते. जोखीम वाढणे म्हणजे शिक्षा ठरणे नव्हे, तसे एक माणूस सुटला म्हणून जोखीम नव्हती असेही होत नाही.

आता टेपकडे येऊ. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धती मांडली. तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींना गुण दिले की झाले. समजा, ठाण्यातला एक बेचाळीस वर्षांचा लेखापाल आहे. वय ३५ ते ४९ मध्ये असल्याने त्याला २० गुण. आईला मधुमेह आहे, वडिलांना नाही, म्हणून १०. दिवसभर खुर्चीत काम आणि व्यायाम शून्य, याचे पूर्ण ३०. कमरेच्या प्रश्नावर तो म्हणतो, ‘चौतीस.’ तो पँटचा आकडा आहे, आणि आपल्याकडचे पुरुष पोट सुटले की पँट वर नेण्याऐवजी खाली सरकवतात, त्यामुळे तो आकडा पंधरा-पंधरा वर्षे तसाच राहतो. घेर मोजायचा तो सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, टेप आवळता कामा नये आणि पोट आत ओढता कामा नये. तशी टेप लावली तर याच माणसाचा घेर ९६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ३८ इंच भरतो. पुरुषांसाठी ९० ते ९९ या मापाला १० गुण आहेत. एकूण झाले ७०.

या पद्धतीत ६० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे जास्त जोखीम, ३० ते ५० म्हणजे मध्यम आणि ३० च्या खाली कमी. स्त्रियांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटरपासून मोजली जाते. ७० गुण म्हणजे मधुमेह झाला असे नव्हे. या माणसाने रक्त तपासून घेण्यात आता टाळाटाळ करू नये, एवढाच त्याचा अर्थ. मला या बेरजेतला एक भाग विशेष वाटतो. वयाचे २० आणि आईकडून आलेले १० असे ३० गुण त्याला बदलता येत नाहीत. बसण्याचे ३० आणि कमरेचे १० असे ४० मात्र येतात. ‘आमच्यात अनुवंशिकच आहे’ असे म्हणून हात टेकणारा माणूस बहुतेक वेळा मोठा हिस्सा सोडून छोट्या हिश्शाकडे बघत असतो.

हे ४० गुण खाली आणल्याने प्रत्यक्षात किती फरक पडतो, हे भारतातच तपासले गेले आहे. डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या चेन्नईतील गटाने ज्यांची साखर बॉर्डरलाइनच्या पट्ट्यात होती अशा ५३१ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोजचे चालणे आणि आहारातील बदल यांसाठी सातत्याने पाठपुरावा केलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. वर्तमानपत्रात हीच बातमी ‘मधुमेहाच्या धोक्यात २८.५ टक्के घट’ अशी येते आणि ती चूकही नाही. पण शंभर माणसे डोळ्यांसमोर आणली तर पंचावन्नऐवजी एकोणचाळीस, म्हणजे सुमारे सोळा माणसे वाचली, हे अधिक नीट कळते. आरोग्यविषयक बातमीत टक्क्यांची घट दिसली की ‘शंभरांतले किती?’ असे विचारावे. उत्तर कधी सोळा निघते, कधी अर्धाही निघत नाही, आणि दोन्ही वेळा मथळा सारखाच असू शकतो.

या चाचणीतली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. जीवनशैली बदललेल्या गटाचे वजन सरासरीने लक्षणीय कमी झालेच नव्हते, तरीही मधुमेह कमी झाला. म्हणजे काटा धोका दाखवत नाही तसा धोका कमी झालेलाही दाखवत नाही. दोन महिने इमानाने चालून काट्यावरचा आकडा हलत नाही म्हणून सकाळचे फिरणे सोडून देणारे अनेक जण मला माहीत आहेत, आणि त्यांना कोणी हे सांगितलेले नसते याची चुटपुट लागते.

याचे कारण पुन्हा स्नायूंमध्ये आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो; आकुंचनाच्या क्रियेनेच त्याच्या पेशींवरची दारे उघडतात. आपल्या शतपावलीमागे हे शास्त्र आहे, फक्त शंभर पावले मिनिटभरात संपतात, तेव्हा जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे तरी चालावे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटांचे भरभर चालणे हे सर्वमान्य किमान माप आहे. त्याच्या जोडीला स्नायू वाढवणारा व्यायाम, म्हणजे बैठका, जोर किंवा वजने उचलणे, हा थिन-फॅट शरीरासाठी खास गरजेचा, कारण कोठारच लहान असेल तर ते मोठे करणे हा सरळ उपाय आहे.

आहाराबाबत आपल्याकडे गैरसमजांचे पीक मोठे आहे. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे ठामपणे सांगितले जाते. ज्वारीत तंतू जास्त असतात हे खरे, पण तीही पिष्टमय धान्यच आहे आणि तीन भाकऱ्यांची साखर शेवटी रक्तातच येते. उपवासाचे तर विचारूच नये: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि त्याच्या सोबतीला बटाटा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण करणाऱ्याला चयापचयाचे बरेच कळले असावे. ताटातला भात आणि पोळी निम्म्यावर आणून ती जागा उसळ, डाळ, भाजी, दही, अंडी किंवा मासळी यांना देणे, एवढा बदल बहुतेक घरांत वेगळा स्वयंपाक न करता होतो. सिगारेट-विडीनेही मधुमेहाची जोखीम वाढते. तिथे प्रमाणाचा प्रश्न नाही, ती सोडायचीच असते.

तपासणीचे आकडे थोडक्यात सांगतो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर बॉर्डरलाइन, १२६ किंवा अधिक भरली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सीसाठी ५.७ ते ६.४ हा बॉर्डरलाइन पट्टा. ही दुसरी तपासणी सोयीची असली तरी ती लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते, त्यामुळे लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झालेल्या स्त्रीमध्ये ती जास्त दाखवू शकते, तर गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या भागांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत तिच्यावर विसंबता येत नाही. तिथे साखरच मोजावी लागते. ज्या स्त्रियांना गरोदरपणात मधुमेह झाला होता, त्यांनी बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली म्हणून फाइल मिटवू नये. त्यांची आणि त्या मुलांचीही पुढची जोखीम इतरांपेक्षा जास्त असते. सणासुदीला जाहिरातीत येणाऱ्या साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये पुष्कळ काही मोजले जाते, आणि टेप लावायला मात्र कोणी येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के बॉर्डरलाइनवर आहेत. या दुसऱ्या गटातल्या सगळ्यांना प्रयोगशाळेपर्यंत आणणे अवघड, म्हणून सरकारी आरोग्य कार्यक्रमात तीस वर्षांवरील माणसांसाठी आशा ताई घरी येऊन एक अर्ज भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्यातली हालचाल आणि घरातला इतिहास यांना गुण असतात, आणि बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासणीला पाठवतात. वजनाला त्या अर्जात एकही गुण नाही.