कॅसेटवरून गेम लोड करणं आणि ‘टर्बो’ नावाचा घोळ

एकेकाळी घरच्या कम्प्युटरचे गेम साध्या कॅसेटवरून लोड व्हायचे, त्याची ही गोष्ट. सगळ्यात आधीचं पटकन. १९७५ च्या शेवटी अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये काही हौशी लोकं आणि मशीनवाले बसले आणि साध्या टेपरेकॉर्डरवर डेटा आवाजाच्या रूपात कसा ठेवायचा ते ठरवलं, स्पीड ३०० बॉड (सेकंदाला साधारण ३०० बिट). मग तिकडे फ्लॉपी स्वस्त होत गेली आणि विषय मागे पडला. ब्रिटनमध्ये मात्र फ्लॉपी ड्राइव्ह जवळपास कम्प्युटरच्याच किमतीला, त्यामुळे कॅसेट टिकली, आणि आज ज्या आठवणी काढल्या जातात त्या मुख्यतः तिथल्याच, १९८२ नंतरच्या.

स्पेक्ट्रम हा तिथला घरगुती कम्प्युटर १९८२ चा, १६ के (किलोबाइट मेमरी) मॉडेल १२५ पौंडाला. टेपचा स्पीड साधारण १५०० बॉड, म्हणजे ४८ के भरायला साडेचार-पाच मिनिटं. स्क्रीनच्या बॉर्डरवर आधी लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, चित्र तीन तुकड्यांत रेघ-रेघ करत उतरायचं आणि रंग सगळ्यात शेवटी. कमोडोर ६४ (स्पेक्ट्रमचा प्रतिस्पर्धी कम्प्युटर) वाल्यांचं काय होतं तर त्यांची मूळ सिस्टीम प्रत्येक ब्लॉक दोनदा लिहायची, चूक पकडता यावी म्हणून, त्यामुळे मोठा गेम पाव तासाच्या आसपास. सुरक्षित असेल, पण एवढा वेळ कोण बसणार (मी स्पेक्ट्रमच्या बाजूचा आहे, उघड आहे ते).

आता टर्बो. हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि तिथेच सगळे वाद होतात. कमोडोरवर टर्बो म्हणजे खरंच टर्बो, लोडिंग दहापट वगैरे फास्ट, लोकांचा वेळ वाचला. स्पेक्ट्रमवर मूळ स्पीडच बरा होता, तिथे गेम कंपन्यांनी स्वतःचे लोडर (टेपवरून गेम वाचून घेणारे छोटे प्रोग्रॅम) आणले ते मुख्यतः कॉपी रोखायला, स्पीड नावापुरता वाढला. दोन डेकचा टेपरेकॉर्डर असला की कुणीही आवाजच कॉपी करायचा, त्याला कुठलं लॉक अडवणार? पण स्पीड थोडा जरी जास्त असला की कॉपी केलेल्या आवाजात चुका वाढतात, एवढाच काय तो फायदा. तोटा असा की विकत घेतलेली ओरिजिनल कॅसेटसुद्धा हेड (टेप वाचणारा भाग) जरा तिरकं असलेल्या स्वस्त रेकॉर्डरवर चालेना, मग पोरं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू फिरवत बसायची, आणि तरी पाचव्या मिनिटाला ‘टेप लोडिंग एरर’. म्हणजे पैसे देणाऱ्यालाच शिक्षा, चोराचं फार काही बिघडलं नाही. कंपन्यांची बाजू अशी की नाहीतर धंदाच बसला असता. मला ती फारशी पटत नाही, कारण त्याच काळात १.९९ पौंडाचे गेम धडाधड खपत होते.

१९८६ ला स्पेक्ट्रमच्या प्लस टू मॉडेलमध्ये टेपचा डेक आतच बसवला, व्हॉल्यूम जुळवायची कटकट गेली. त्याच वर्षी आपल्याकडे स्पेक्ट्रम प्लस लायसन्सवर बनायला लागला. शाळांमध्ये बीबीसी मायक्रो (आणखी एक ब्रिटिश कम्प्युटर) त्याआधी, १९८४ च्या सरकारी प्रोजेक्टमधून आलेले.

खरी मजा इम्युलेटर (आजच्या कम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम) आल्यावर झाली. कॅसेटमधला डेटा ठेवायच्या आधीच्या टॅप फाइलमध्ये फक्त साध्या स्पीडचे ब्लॉक बसायचे, टर्बोवाले गेम त्यात मावेनात, मग टीझेडएक्स नावाचा फॉरमॅट आला ज्यात पल्सची (आवाजातल्या प्रत्येक ठोक्याची) लांबीसुद्धा नोंदवतात. म्हणजे ज्या लॉकला लोकांनी शिव्या घातल्या तेच जपायला नवीन फॉरमॅट काढावा लागला! आता इम्युलेटरमध्ये गेम क्षणात उघडतो आणि लोकं मुद्दाम ते सेटिंग बंद करून पाच मिनिटं पट्टे बघत बसतात. काहीजण एसडी कार्डवरून तोच कर्कश आवाज जुन्या मशीनच्या कानात सोडणारे छोटे बोर्ड घरी बनवतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रबरी बटणांचा नवा स्पेक्ट्रम आला, थेट आजच्या टीव्हीला जोडायचा, ४८ गेम आतच. त्यावर पहिली तक्रार काय, तर टेप कुठे लावायची?