कोलेस्टेटोमा: मधल्या कानातली हाड झिजवणारी वाढ

कोलेस्टेटोमा हा कॅन्सर नाही. चुकीच्या जागी वाढणारी ती साधी त्वचा आहे. 1829 मध्ये क्रुव्हेये यांनी मोत्यासारखी चकाकणारी गाठ म्हणून तिचे वर्णन केले आणि 1838 मध्ये योहानेस म्युलर यांनी आजचे नाव दिले. कानाच्या नळीतली त्वचाच पडद्यापलीकडे शिरते, हे 1890 च्या सुमारास हाबरमान आणि बेझोल्ड यांनी मांडले.

पडद्याचा वरचा छोटा भाग सैल असतो. मधला कान नाकाच्या मागच्या भागाशी जोडणारी युस्टेशियन नळी नीट उघडली नाही की आतला दाब घटतो, हा भाग आत ओढला जातो आणि खिसा होतो. खिशाचे तोंड अरुंद झाले की मृत त्वचा आतच साठते, त्यात जंतू वाढतात. दाहामुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. बहुधा आवाज पुढे नेणाऱ्या तीन हाडांच्या साखळीतल्या मधल्या हाडाचा, ऐरणीचा, लांब दांडा आधी झिजतो. पुढे चेहऱ्याच्या नसेवरचे हाड, तोल सांभाळणारी नलिका, कान आणि मेंदू यांमधले हाडाचे छत.

1873 मध्ये श्वार्ट्झे यांनी कानामागचे मॅस्टॉइडचे हाड कोरून पू काढण्याची पद्धत रूढ केली. पुढच्या मूलगामी शस्त्रक्रियेत जीव वाचे, ऐकू येणे मात्र जाई. 1910 मध्ये बोंडी यांनी शाबूत हाडसाखळी राखली. 1953 मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आला आणि वुलश्टाइन, त्सॉलनर यांच्या पडदा-दुरुस्तीला बळ मिळाले. कानाच्या नळीची मागची भिंत राखायची की काढायची, हा वाद अजून चालू आहे. राखली तर कान नैसर्गिक राहतो, पण दडलेल्या कोपऱ्यात त्वचेचा कण उरण्याची भीती वाढते. काढली तर पोकळी आयुष्यभर साफ करावी लागते. कोपऱ्यात डोकावणारी दुर्बीण 1990 च्या दशकापासून मदतीला आली.

भिंत राखल्यावर साधारण 9 ते 12 महिन्यांनी कान पुन्हा उघडून पाहण्याची प्रथा कण उरण्याच्या भीतीतूनच पडली. सीटी स्कॅन हाडाची झीज दाखवते, पण द्रव आणि त्वचा यांत फरक करू शकत नाही. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा विशिष्ट डिफ्यूजन एमआरआय सुमारे 3 मिमीचा कणही टिपतो, त्यामुळे काहींची दुसरी शस्त्रक्रिया टळते. त्याहून लहान कण मात्र निसटतात, म्हणून काही काळाने एमआरआय पुन्हा करतात.

ओळखताना फसगत होते ती ऐकण्यामुळे. झिजलेल्या साखळीच्या जागी ही वाढच आवाज पुढे पोचवते, ऐकण्याची तपासणी जवळपास चांगली येते आणि रोग दुर्लक्षित राहतो. थेंबांनी न थांबणारा दुर्गंधीयुक्त स्राव, पडद्याच्या वरच्या भागावर चिकटलेली खपली, कान दाबल्यावर चक्कर यांपैकी काहीही असेल तर खपली सूक्ष्मदर्शकाखाली काढून मागे पाहिलेच पाहिजे. मुलांत अखंड पडद्यामागे पांढरी गाठ दिसली तर ती जन्मजात असू शकते. चेहरा वाकडा झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.