मुंगीचा मेंदू टिपण्याआधीची तयारी

मुंगीचे डोके न कापता आतला मेंदू पाहायचा असेल, तर क्ष-किरण टोमोग्राफी हा उत्तम मार्ग आहे. नमुना अंशाअंशाने फिरवत त्याच्या शेकडो छायाप्रतिमा घेतल्या जातात आणि त्यांवरून संगणक त्रिमितीय रचना उभी करतो. यंत्राचे कौतुक सगळेच करतात. परंतु प्रतिमा कशी येणार, हे बरेचसे नमुना यंत्रात ठेवण्यापूर्वीच ठरलेले असते.

मेंदू, स्नायू, ग्रंथी हे सारे मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या हलक्या मूलद्रव्यांचे बनलेले असल्याने क्ष-किरण त्यांतून जवळजवळ सारखेच आरपार जातात व एका ऊतीची कडा दुसरीपासून ओळखू येत नाही. म्हणून ऊतींमध्ये जड मूलद्रव्य मुरवावे लागते. ऑस्मियम त्यासाठी उपयुक्त असले, तरी त्याचे संयुग अतिशय विषारी आहे. व्हिएन्ना विद्यापीठातील ब्रायन मेट्शर यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की अल्कोहोलमध्ये विरघळवलेले साधे आयोडीन किंवा फॉस्फोटंगस्टिक आम्ल वापरूनही मऊ ऊती स्पष्ट दिसतात. आयोडीन लवकर आत शिरते, पण धुताना निघूनही जाते. दुसऱ्याचे रेणू मोठे असल्याने ते सावकाश पोहोचतात, मात्र प्रथिनांना घट्ट चिकटून राहतात. मुंगीचे कायटिनचे कवच दोघांनाही अडवते, म्हणून एखादा पाय काढून किंवा बारीक टाचणीने छिद्र पाडून वाट करून द्यावी लागते. आयोडीनचे द्रावण तीव्र असेल तर ऊती आक्रसतात. मेंदूचे आकारमान मोजायचे असेल, तेव्हा हे विसरून चालत नाही.

यानंतरचा प्रश्न स्थिरतेचा, आणि माझ्या मते तोच अधिक कठीण. २ मिलिमीटरचा नमुना क्ष-किरण टिपणाऱ्या, २००० बिंदू रुंदीच्या शोधकावर पसरला, तर एक बिंदू १ मायक्रोमीटरचा होतो. म्हणजे कित्येक तास चालणाऱ्या चित्रणात नमुना काही मायक्रोमीटर जरी सरकला, तरी प्रतिमा पुसट होते. त्यामुळे मुंगी अल्कोहोल भरलेल्या पिपेटच्या निमुळत्या टोकात अलगद अडकवतात, हवेचा बुडबुडा राहू देत नाहीत, तोंड बंद करतात आणि तापमान स्थिरावेपर्यंत ती यंत्रातच ठेवून देतात.

संग्रहालयातील मूळ प्रमाण-नमुन्यांना, म्हणजे ज्यांवरून एखाद्या प्रजातीचे पहिले वर्णन झाले त्या नमुन्यांना, मात्र रसायन लावता येत नाही. ते क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असलेल्या मऊ फोममध्ये बसवतात; तेव्हा मऊ ऊतींवर पाणी सोडून कवचाच्या तपशिलावर भागवावे लागते.